काकांच्या किल्ल्या

अमेरिकेतल्या नोव्हायच्या आमच्या बिल्डिंगमधले हे काका कधी स्वस्थ बसत नाहीत. डाव्या हातात गाडीच्या किल्ल्या सतत खुळखुळणार. मुलीने आफ्रिकेतल्या बुरुंडीचा मुलगा निवडला, तर हे लग्नालाही गेले नाहीत. अलीकडे मात्र तिथली किरुंदी भाषा शिकवणाऱ्या मोबाइल ॲपवर लिफ्टमध्ये खेकसायचे, “अमाहोरो म्हणजे नमस्कार, कळलं यार! पुढचं सांग.”

काल मुलगी सासऱ्यांना घेऊन आली. एअरपोर्टवर काकांनी मला सोबत नेलं. बुरुंडीत हात मिळवताना मान म्हणून डावा हात उजव्या कोपराला लावतात. काकांनी घाईघाईने किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि “अमाहोरो” म्हणाले. व्याही हात धरून खुशाली विचारत राहिले. काकांना ओ की ठो कळेना, पण हात सोडला नाही.

“बाबा, कीज?” मुलगी म्हणाली.

“कसल्या कीज?”