चोरीची जाई

तेलाच्या डब्यावर हिच्या बांगड्या किणकिणल्या की माझी पहाट व्हायची. शाळेतल्या कवितेसारखी ती किणकिण अजून पाठ आहे. त्या डब्यात हिची जाई होती. हिला जाऊन वर्ष झालं, आणि आज सकाळी जाईही पार वाळलेली दिसली.

मित्रांनो, मी कॉलनीच्या ग्रुपवर विचारलं, "हिच्या जाईचं रोप कोणाकडे आहे का?" जोडलेले हात पुष्कळ आले. रोप कोणाकडेच नव्हतं.

ही म्हणायची, "मागून नेलेलं रोप रुसतं, चोरून नेलेलं फुलतं." कोणी फांदी खुडायला आलं की ही मुद्दाम पाठ फिरवायची. मग कोणी काय नेलं, मला कसं कळणार? तुमच्या घरचं रोप कोणाच्या दारी जगतंय, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे शिंदे, सातपूरहून ड्युटी संपवून थेट आलेले. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या गाडीवर पडायचं, त्या भांडणापासून आमचं बोलणं बंद होतं. हातात जुनी बादली, बादलीत जाई, कळ्यांनी भरलेली.

"काका, चोरीचा माल आणलाय," ते खाली बघत म्हणाले. "भांडणानंतरच नेली होती फांदी. काकूंनी पाहिलं मला, आणि पाठ फिरवली."