सायलीच्या दाखल्याचा दिवस

त्या सकाळी देवीपुढे उभी राहून मी चक्क भांडले, हे आधीच कबूल करते. एकोणीस वर्षं तुझे मंगळवार धरतेय, आज तरी माझी लाज राख, असं म्हणाले. मनातून मात्र वाटत होतं, ही कसली ऐकतेय! ऐकत असती तर माझ्या एकोणीस वर्षांच्या सायलीची समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढीच कशाला राहिली असती? तिचे बाबा गेल्यापासून मला एकच धास्ती, माझ्यामागे हिचं कसं होणार? दिव्यांगाचा दाखला मिळाला तर तिला सरकारी योजनांचा आधार मिळणार होता. ऑनलाइन अर्ज भरून झाला होता, सरकारी दवाखान्यातली तपासणी तेवढी राहिली होती.

आणि मी शहाणीने तिची तयारी कशी करून घेतली? शाळेच्या ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूसारखी! पंधरा दिवस नाव, पत्ता, वार घोकून घेतले. नवा ड्रेस, दोन घट्ट वेण्या. खारघरच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "तिचं तीच सगळं करते." असं सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

दवाखान्यात आमचा नंबर लागणार, एवढ्यात सर्व्हर बंद पडला. झालं! मनातल्या मनात देवीला म्हटलं, बघ, एवढंसुद्धा तुला जमत नाही. बाकावर मी पुन्हा उजळणी सुरू केली. बिचारी दमून माझ्या खांद्यावर डोकं टेकत होती आणि मी तिला हलवून सरळ बसवत होते. शेजारी इथल्याच गावातल्या एक आजी होत्या, आपल्या मुक्या बहिणीला घेऊन आलेल्या. बराच वेळ बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ए बाय, ही काय शालेची परीक्षा हाय? तिला जमत नाय, ते सांगाचं आत. तूच लपवलंस तर तिला कोन काय देनार?"

मला असा राग आला! तुमचं तुम्ही बघा, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी सायलीच्या पाठीवरून हात फिरवला. "देवीनं दिलेली पोर हाय. तिची कसली लाज?"

सकाळी मी नेमकं काय मागितलं होतं, ते आठवलं. म्हणजे माझ्या पोरीची मला लाज वाटत होती? सगळ्यांसमोर ढसाढसा रडले मी.

अर्ध्या तासाने सर्व्हर सुरू झाला. आत डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आंघोळ, वेणी कोण करतं?" "मीच." "एकटी बाहेर जाते?" "नाही हो, हरवते." एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं लागली. आज वार कुठला, या प्रश्नावर सायली घाबरून माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, "नाही आलं तरी चालेल गं, बाळा." इतकी गोड हसली ती!

दाखला मिळाला. सर्व्हर का बंद पडला, मला ठाऊक नाही, आणि त्यावर मी कुणाशी वादही घालत नाही. त्या अर्ध्या तासासाठी मात्र रोज हात जोडते. मी झाकून ठेवलेलं देवीच्या ओंजळीत घातलं, तेव्हाच तिला ते उचलता आलं, असं आपलं मला वाटतं.

पूर्वी देवळात मी सायलीला बाहेर कट्ट्यावर बसवायचे, कारण आरती सुरू झाली की ती मोठमोठ्याने ओरडते. आता पुढे घेऊन उभी राहते. परवाही ओरडली. सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "माझी मुलगी आहे. तिला आरती फार आवडते."