डोंगरावरचं यंत्र

साल आणीबाणीचं. तातेराव मास्तर दर रविवारी आमचा डोंगर चढायचे. त्यांच्या हातात रेडिओचं यंत्र, त्यांच्या बायकोच्या, प्रभावतीबाईच्या डोक्यावर बॅटरी, पोरीच्या खांद्यावर तारेचं वेटोळं. वर ना देव, ना पाणी. मेंढरं राखता राखता मला शक आला. एकदा आडवाच गेलो.

"कुणाला खबर देऊन राह्यले, मास्तर?"

"सरकारी लायसन हाय, म्हस्कूबा. ह्यावर दूरच्या माणसांशी बोलता येतं. बसा, ऐका."

खरखरीतून कलकत्त्याचा कुणी हिंदीत बोलला. त्यानं मास्तरांना नाव इचारलं, गाव इचारलं, आवाज बराबर येतो का इचारलं.

"ह्या माणसाचा भरोसा धरू नका," मी म्हणलो. "आपण पाणी द्यायच्या आधी जात इचारतो. यानं बिलकुल इचारली न्हाई."

प्रभावतीबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

"म्हणून तर ही बॅटरी वाहते, म्हस्कूबा."