राखेसमोर जाहीर झालेला भाऊ

आमच्या मुरगूडकडच्या भागात रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. गेलेल्या माणसाच्या नावानं तिथंच काहीतरी जाहीर करायची रीत आहे. शाळेला पंखा, देवळाला घंटा, नाहीतर स्मशानात बाकडं. राखेसमोर एकदा बोललं की ते पुरं करावंच लागतं, नाहीतर गाव तोंडात शेण घालतं. मला ही रीत आवडायची. भाषणं तेवढी नको वाटायची.

माझा थोरला भाऊ कारगिलच्या लढाईत गेला. त्याच्या रक्षाविसर्जनाला सगळा तालुका लोटला होता. एरवी बायका मागं कुठंतरी उभ्या असतात, त्या दिवशी आईला पुढं खुर्ची दिली होती. चुलत्यांनी शाळेला पंखे जाहीर केले. मग एक पुढारी उठले. आजवर ते आमच्या दारात कधी फिरकले नव्हते. शत्रूला धडा शिकवून झाला, रक्ताचा टिळा लावून झाला. माणसं पेटलेली बघून त्यांना आणखी चेव आला. आईकडं हात करून ते म्हणाले, "या वीरमातेनं एक पुत्र देशाला दिला. त्याचं बलिदान आम्ही वाया जाऊ देणार नाही. या पवित्र राखेसमोर मी जाहीर करतो, ही माउली आपला दुसराही पुत्र देशाला देत आहे!"

टाळ्या पडल्या. स्मशानात मी पहिल्यांदाच टाळ्या ऐकल्या. शाळेला पंखा द्यावा तसा त्या माणसानं माझा धाकटा भाऊ देऊन टाकला होता. तो माझ्या शेजारीच उभा होता. फिटरचा कोर्स झालेला, शिरोलीच्या कारखान्यात कामाचं ठरलेलं. त्याला कुणी विचारलं नाही, आईलाही नाही. बाकी ज्यांनी जाहीर केलं, त्यांनी निदान आपल्या घरातलं तरी जाहीर केलं होतं.

बलिदान वाया जाऊ देणार नाही, या वाक्याची मला तेव्हापासून चीड आहे. एक मेला म्हणून दुसऱ्यानं जायचं, आणि दुसरा मेला की तिसऱ्यानं. हिशेब असा मांडला की लढाई थांबवणं म्हणजे मेलेल्यांशी बेइमानी. दादाला कुणी देशाला दिलंबिलं नव्हतं. शेत तुकडाभर, घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून तो भरती झाला होता. हे मी बोलून दाखवलं तर चुलते माझ्यावरच वसकन ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून गावानं धाकट्याला फौजी म्हणायला सुरुवात केली. चहाच्या गाड्यावर जो तो विचारी, "कवा निघालास?" तो हसून वेळ मारून न्यायचा. मग हसायचा बंद झाला. एका दुपारी मला म्हणाला, "आक्का, आईनं एक डाव न्हाई म्हणू दे, मी जात न्हाई. गाव काय बी बोलू दे."

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिच्या पाठी लागले. ती म्हणाली, "राखंम्होरं बोललंय."

"तू बोललीस व्हय? त्येनं बोललं."

"मी गप बसलो न्हवं?" आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, बसलो, आलो, गेलो. "उठून न्हाई म्हटलो न्हाई. म्हंजे दिलाच की. आता न्हाई म्हटलं तर माझ्या थोरल्याचं मरण खोटं पडंल."

त्या माणसाशी मी भांडू शकले असते. पण तेच आता माझ्या आईच्या तोंडून येत होतं, आणि तिच्याशी कसं भांडायचं? पुढारी मोटारीत बसून कधीच निघून गेले होते. भाषण मात्र आमच्या चुलीपाशी येऊन बसलं होतं.

धाकटा बेळगावला भरतीला गेला आणि निवडला गेला. गावानं हलगी लावून त्याची मिरवणूक काढली.

पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा सीमेवर पुन्हा फौजा जमू लागल्या होत्या. टीव्हीवर रोज कुणी ना कुणी छाती बडवत होतं. मी तोवर कोल्हापुरात राहायला गेले होते, तिथून मुद्दाम गावी गेले. आईनं त्याला पाट मांडला, ताटात गोडधोड वाढलं, आग्रह केला. पण पूर्वीसारखी ती त्याच्या जवळ टेकली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तो मांडीवर डोकं ठेवायला गेला तर "काम हाय" म्हणून उठली.

मी तिला परसात गाठलं. "त्यो इतक्या लांबनं आलाय, आणि तू त्येला शिवत बी न्हाईस?"

तिनं धुणं पिळता पिळता सांगितलं, "थोरल्याची सवय एकदम मोडली, लई दुकलं. ह्येची आत्तापासनंच मोडतोय."