कान मुडपलेले केसपेपर

ती आली तेव्हा तिला बसायला चाकांची खुर्ची मिळाली. मी त्या सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीत बावीस वर्षं लाकडी स्टुलावर काढली, टेकायला मागे भिंत होती तेवढंच माझं नशीब. आणि ही कॉम्प्युटरवर नोंदी करायला काल आलेली पोर रावेतहून पांढऱ्या स्कूटरवर यायची, गॉगल केसांवर चढवायची आणि खुर्चीतच गर्रकन वळून विचारायची, मावशी, चहा घेणार का? मी मावशी. तिला मात्र आठवड्याच्या आत अख्खा दवाखाना मॅडम म्हणायला लागला, डॉक्टरसुद्धा. माझ्या पोटात दुखायचं ते तिथं. खोटं कशाला बोलू?

देशभरातले दवाखाने एकमेकांना जोडायचे ठरले होते. प्रत्येकाला चौदा आकडी नंबराचं कार्ड मिळणार, मग माणूस काळेवाडीत आजारी पडो नाहीतर राजगुरुनगरला, डॉक्टरला त्याची सगळी दुखणी कॉम्प्युटरवर दिसणार. चांगलंच होतं ते, मला कळत होतं. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढून काढून माझीही कंबर गेली होती. पण आत कुणीतरी कुरकुरायचं की बाई, इतकी वर्षं ही सगळी दुखणी कुणाच्या डोक्यात होती? चाकणच्या कंपन्यांमधले कंत्राटी कामगार वर्षाला ठेकेदार बदलतात, खोली बदलतात, मोबाइल बदलतात. तोंड तेवढं तेच राहतं. मी तोंड बघूनच कपाटाकडे वळायचे, नंबर मागून विचारायचे.

आमच्यात एक पद्धत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. एका जुन्या सिस्टरने सुरू केली होती आणि रिटायर होताना माझ्याकडे सोपवली होती. ज्याला एखादं औषध बाधतं, त्याच्या केसपेपरचा वरचा उजवा कान मुडपून ठेवायचा. आत कुठल्यातरी पानावर डॉक्टरांच्या अक्षरात ते लिहिलेलं असायचंच, पण दीडशे माणसांच्या रांगेत ते वाचतंय कोण? कान मुडपलेला दिसला की इंजेक्शनवाली सिस्टर हात थांबवायची आणि आत उघडून बघायची. नवीन डॉक्टर आला, नवीन सिस्टर आली, की मी त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगायचे. तेवढ्यापुरती मी त्या दवाखान्यात मोठी असायचे.

हिला मी ते सांगितलं नाही.

जुने कागद स्कॅन करायला घेतले तेव्हा मुडपलेले कान मशीनमध्ये अडकायला लागले. तिने डोकं चालवलं. कान आधी अंगठ्याने सरळ करायचे, वर जाड रजिस्टर दाबून ठेवायचं, मग कागद मशीनला द्यायचे. मी समोरच्याच टेबलावर गठ्ठ्यांच्या नाड्या सोडत बसले होते. त्यात काळेवाडीतल्या एका कामगाराचा केसपेपर आला. हा मराठवाड्यातून येऊन चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात लागलेला. तीन वर्षांपूर्वी पाठदुखीवर आमच्याकडेच एक साधं, रोज शंभर जणांना देतात ते इंजेक्शन दिलं आणि त्याचं तोंड सुजून श्वास अडकला होता. त्याची बायको माझ्या खिडकीची जाळी धरून रडली होती. तो कान मी स्वतःच्या हाताने मुडपला होता. पोरीने तो सरळ केला आणि हसत म्हणाली की मावशी, तुमच्या कागदांना शिस्त म्हणून नाही.

मीही हसले. एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. पण मनात म्हटलं, येईल की विचारायला, एवढी मॅडम आहे ना. कॉम्प्युटरमध्ये सध्या नाव, पत्ता आणि शेवटचा आजार एवढंच भरायचं, आतली जुनी पानं सावकाश भरू, असं वरून आलं होतं. म्हणजे त्या माणसाला काय बाधतं ते आता कुणालाच दिसणार नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, उद्या गेल्या गेल्या सांगून टाक, उगीच कुणाच्या जिवाशी खेळ नको. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला आले. त्यांनी तिचं कौतुक केलं, तिच्याबरोबर फोटो काढला, आणि फोटोत गर्दी दिसायला नको म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. म्हटलं, जाऊ दे, ज्याचं त्याने बघावं. त्यानंतर रोज सकाळी सांगू म्हणायचे आणि रोज तिचं काहीतरी डोळ्यात सलायचं. कधी तिची नेलपॉलिश, कधी डॉक्टरांनी तिला विचारलेलं आणि मला न विचारलेलं काहीतरी.

दीड महिना गेला. माझी खिडकी बंद झाली होती आणि मला दारापाशी मदतीच्या टेबलावर बसवलं होतं. तो फोर्जिंगवाला पहिली शिफ्ट संपवून आला, कमरेत वाकलेला. डॉक्टरकडून बाहेर आला तेव्हा हातात इंजेक्शनची चिठ्ठी होती. मला बघून थांबला. मी विचारलं, डॉक्टरांना मागचं सगळं सांगितलंस ना?

"कार्डात समदं हाय म्हणले, मावशी," तो म्हणाला. "आता काई सांगायची गरज न्हाई."

आणि तो इंजेक्शनच्या खोलीकडे गेला.

मी बसून राहिले. फार वेळ नाही, चष्मा काढून पुसण्याइतका. सिस्टर विचारेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला तेव्हाही ऐकू येत होतं. होऊ दे एकदा. कळू दे सगळ्यांना, मॅडमला काय येतं आणि काय येत नाही ते.

मग माझाच मला असा काही धसका बसला की चष्मा तिथेच टाकून मी पळत सुटले. दार ढकललं तर सिस्टर कापूस दाबत होती. मी ओरडले की ह्याला हे चालत नाही. डॉक्टर धावत आले. तोवर त्याचे ओठ सुजायला लागले होते आणि तो दोन्ही हातांनी गळा धरून माझ्याकडे बघत होता. उतारा दिला, ऑक्सिजन लावला, अँब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तीन दिवस तो तिथे होता. वाचला.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मावशींनी ओळखलं म्हणून क्षणाचाही उशीर झाला नाही. त्याची बायको माझ्या पाया पडली. आणि मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पोरीला मेमो मिळाला, जुनी माहिती न तपासता नोंद पूर्ण झाल्याचं दाखवल्याबद्दल. दिवसभर तिला कुणी मॅडम म्हटलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना भजी घेऊन गेले. माझा आनंद असा होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, असे कान किती कागदांचे होते? मी म्हटलं, देवाला ठाऊक. मग तिनेच शोधून काढलं की कागद कितीही सरळ केला तरी घडीची रेघ जात नाही, उजेडात तिरका धरला की दिसते. आम्ही दोघी बंद खिडकीशी बसलो. मी एकेक कागद उन्हात धरायचे, रेघ दिसली की आत शोधून औषधाचं नाव वाचायचे, ती भरायची. तिने कॉम्प्युटरवर लाल अक्षरांची जागा करून घेतली होती, आपणहून, वरिष्ठांच्या मागे लागून. चार दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

चौथ्या दिवशी तिचे हात थांबले. कॉम्प्युटरवरची नजर न काढता तिने विचारलं, "मी हे कान सरळ करत होते तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात ना?"

"होते," मी म्हटलं.

मला वाटलं, आता उठेल, साहेबांकडे जाईल. मी तयारही होते.

"राग माझ्यावर होता ना, मावशी? मग सुई त्याला का टोचू दिलीत?"

मी हातातला कागद पुन्हा उन्हात धरला. तिने डोळे पुसले आणि पुढचा नंबर सांगा म्हणाली. मी सांगितला.

तिने ते कुणालाच सांगितलं नाही. मी साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले. मेमो अजून तिच्याच फाइलला आहे. ती अजूनही सकाळी चहाचं विचारते, फक्त आता माझ्याकडे बघत नाही. खुर्चीचा, फोटोचा, त्या मॅडम म्हणण्याचा हेवा कधीच मागे पडला. आता हेवा वाटतो तो तिला घरी जाऊन लागणाऱ्या झोपेचा.