मावशीच्या फोनवरचं लग्न

लग्न लातूरला आणि मावशी किल्लारीला. अंगणात पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलेलं, आणि लग्न तिच्या एकुलत्या एका लेकीचं. लग्नं मोबाईलवर थेट दाखवणारं अ‍ॅप मी नांदेडात बसून बनवते, म्हणून सगळ्यांनी मलाच धरलं. मावशीचं मागणं एवढंच होतं, की मंगलाष्टकांच्या दर ‘सावधान’ला तिच्याही अक्षता पडाव्यात.

चाचणी सुरू केली आणि तिचा फोन आला. “चित्र अडकून राहिलंय बाई. अन् फोन लई तापलाय.”

कारण मला ठाऊक होतं. अ‍ॅपमध्ये व्हिडिओ दाखवायच्या चौकटी दोन तऱ्हेच्या असतात. मी निवडलेल्या चौकटीत व्हिडिओ अ‍ॅपच्या बाकीच्या पानासोबत रंगवला जायचा. त्यामुळे चित्राचे कोपरे गोल करता येत, बटण दाबून चालू चित्राचा फोटो काढता येई. पण मावशीच्या जुन्या फोनचा त्यात जीव जाई. दुसऱ्या चौकटीत फोनमधली व्हिडिओची चिप चित्र थेट पडद्यावर पाठवते. चित्र सुरळीत, फोन थंड. फक्त गोल कोपरे जात, आणि माझ्या बटणाने फोटो काळाकुट्ट निघे. ते नीट करायला वेळ नव्हता.

मला एका जागी बसवेना. बदल करायचे, पुसायचे, चहा टाकायचा, तो गार व्हायचा. गोल कोपऱ्यांवर माझा भारी जीव, त्याचाही राग येई. शेवटी मावशीलाच विचारलं, “तुला लेकीचा फोटो काढायला मिळणार नाही, चालेल?”

“फोटू काढणारे मोप हायत तिथं. माझ्या अक्षदा चुकू देऊ नको.”

कोपरे गेले, बटण काढून टाकलं.

लग्नात मी नवरीकडे धड पाहिलंच नाही. मंडपाच्या कडेला येरझारा घालत माझ्याच फोनवर लग्न बघत होते. किल्लारीला चित्र अडकलं तर, एवढंच डोक्यात होतं. शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली आणि मी लगेच मावशीला फोन लावला.

“चित्र अडकलं का गं?”

“न्हाई, झ्याक चाललं. पण पाटावर फोन ठेवला, अन् अक्षदा टाकून टाकून पार झाकून गेला. मागचं नुसतं ऐकलं.”

मी वैतागलेच. “अगं, मग हाताने बाजूला सारायच्या की!”

“पोरीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षदा,” मावशी म्हणाली, “मी कशा झटकू गं?”