पाच म्हणजे पाच दिनार

दुकानातला माल संपतो, किस्से संपत नाहीत. कुवेतमध्ये अब्बासियातल्या आमच्या खोलीवर दर शुक्रवारी मंडळी जमायची. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतले इंजिनियर पाइपलाइनचे किस्से सांगायचे आणि मी आमच्या दुकानाचे. बाजी मीच मारायचो, कारण पाइपलाइन घासाघीस करत नाही!

आमचं दुकान शिकारीच्या बंदुकांचं. मालक अबू नासर, साठीचा कुवेती. तरुणपणी गलबतातून मुंबईला खजूर घेऊन जायचा, त्यामुळे फर्डं हिंदी बोलायचा. बंदुकांचे दस्ते आणि नळ्या बघायला सावंतवाडीचे गंगाराम मेस्त्री, आणि कागदपत्रांना चिपळूणचा मी.

एकाची बंदूक दुसऱ्याच्या नावावर करायची असली की लोक आमच्याकडे यायचे. बंदूक तपासायची, नंबर ताडून पाहायचा, अर्ज भरायचा, पोलिसांकडे खेपा घालायच्या आणि शिक्का मिळेपर्यंत बंदूक तिजोरीत सांभाळायची. या सगळ्याची फी पाच दिनार. पण लोकांना दिसायचा फक्त शिक्का. त्यामुळे जो येईल तो एकच विचारायचा, "एका शिक्क्याचे पाच?"

माझं घोडं नेमकं या पाच दिनारांतच अडलं होतं. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागायचा, त्याहून माझा थोडा कमी होता. बायको, सुनंदा, चिपळुणात वाट बघत होती. पगारवाढ मागितली तेव्हा अबू नासर म्हणाला, "बंदूक विकून काय सुटतं ते तू बघतोसच. ही फी पुरी आली तर तुझा पगार वाढेल. मी जन्माचा इथला, शेजाऱ्यांकडे मागायला मला लाज वाटते. तू माग. एकदा तरी कुणाकडून पुरे पाच घेऊन दाखव, मग बोलू."

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

* * *

पहिलाच माणूस आला तो तणतणत. त्याने ओळखीतून जुनी बंदूक स्वस्तात घेतली होती आणि फीचा आकडा ऐकून त्याला घाम फुटला. तुम्ही करता तरी काय, असं तो हात नाचवून विचारत होता. तेवढ्यात मेस्त्रींनी नळी उजेडाकडे धरली, डोळा लावला आणि मला म्हणाले, "ह्यात कुंभारणीन घर बांधल्यान हा."

कुंभारीण माशीचं मातीचं घरटं, नळीत अगदी घट्ट बसलेलं! तसाच बार काढला असता तर नळी फुटून त्याच्याच तोंडावर आली असती. मी हे समजावून सांगितल्यावर तो मुकाट्याने पाच दिनार मोजून बाहेर पडला.

मी मनातल्या मनात सुनंदाचं तिकीट काढलं. पण अबू नासर त्याच्यामागे धावला आणि दोन दिनार परत देऊन आला. बिचारा घाबरला होता म्हणे. हा सौदा मोजायचा नाही, असंही त्यानेच जाहीर केलं.

* * *

मग आमचे जाब्रियातले डॉक्टर. यांचा एक पेशंट बरा झाला होता आणि त्याला भावाची बंदूक आपल्या नावावर करायची होती. डॉक्टर त्याला घेऊन स्वतः आले. आपला माणूस म्हणून काहीतरी कमी करा, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, डॉक्टर, मागच्या महिन्यात तुम्ही माझी नुसती जीभ बघितलीत आणि तीन दिनार घेतलेत, तेव्हा मीही आपलाच होतो.

डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, ती जीभ बघायला शिकण्यात माझी वीस वर्षं गेली."

मागून मेस्त्रींचा आवाज आला, "आमची पण तितकीच गेली, डाक्टरानू."

पण डॉक्टरांच्या गोळ्यांनी माझा खोकला गेला होता हेही खरं. मी एक दिनार सोडला. भिडस्त माणसाने दुकानात उभं राहू नये, हेच खरं.

* * *

वाळवंटातला एक म्हातारा नातवाच्या नावावर बंदूक करायला आला. फी म्हणून त्याने काउंटरवर फग्याची पिशवी ठेवली. फगा म्हणजे पावसानंतर तिथल्या वाळूखाली उगवणारी अळंबी, बाजारात भाव भलताच. मला नाही म्हणवेना. त्या शुक्रवारी मेस्त्रींनी त्याचं खोबऱ्याच्या वाटणातलं असं काही कालवण केलं की इंजिनियर मंडळी टोप पुसून गेली. एक डबा मी मालकालाही नेला.

अबू नासरने बोटं चाटली आणि शांतपणे विचारलं, "आता तुझा पगारही फग्यातच देऊ का?"

* * *

त्यातच समोरच्या अबू खालिदने आपल्या दुकानावर पाटी लावली: नाव बदलायची फी फक्त तीन दिनार. माझं धाबं दणाणलं. मालक मात्र रोज दुपारी त्याच अबू खालिदकडे चहाला जायचा! आपण अडीच करू या, असं मी सुचवलं.

"करू की," अबू नासर म्हणाला. "मग कोणतं काम सोडायचं ते सांग. मेस्त्रीने नळी बघायची नाही, की तू नंबर ताडायचा नाही?"

मला एकही काम सोडता येईना. पाच ते पाचच राहिले. पाटीवर पाच, गल्ल्यात कधी चार, कधी तीन, आणि सुनंदा चिपळुणात.

* * *

थंडीच्या तोंडावर, शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी अबू नासर आला तो गल्ल्यामागे न जाता गिऱ्हाइकासारखा काउंटरसमोर उभा राहिला. सोबत मुलगा नासर. अबू नासरच्या हातात त्याच्या वडिलांकडून त्याला आलेली बंदूक. मुलाच्या नावावर करायची आहे, किती पडतील?

मला वाटलं, थट्टा करतोय. पण चेहरा गंभीर होता. मागच्या ट्रंककॉलवर सुनंदाने "अजून किती दिवस?" एवढंच विचारलं होतं, ते आठवलं आणि मी म्हणालो, "पाच दिनार."

"एका शिक्क्याचे पाच?"

मी त्याचाच धडा त्याला ऐकवला. नळी, नंबर, अर्ज, खेपा, तिजोरी.

"तीन कर."

"जमणार नाही."

"समोरचा तीनमध्ये करतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो फिर सामने जाओ."

मेस्त्रींच्या हातातला पॉलिशचा बोळा तिथेच थांबला. अबू नासरने बंदूक उचलली, मुलाला घेतलं आणि खरंच रस्ता ओलांडून समोर गेला!

मी काचेतून बघत राहिलो. तिकडे चहा आला. अबू खालिदने बंदूक हातात घेतली. दोघं बराच वेळ बोलत होते, आणि मला नोकरी गेल्याची खात्रीच पटली.

"बायल येवची रवली," मेस्त्री हळूच म्हणाले, "आता तूच जातलंस घराक."

बऱ्याच वेळाने अबू नासर परत आला. बंदूक काउंटरवर ठेवली आणि तिच्या शेजारी पाच दिनार.

"तो तीनच घेतो म्हणाला," त्याने मला सांगितलं, "पण नळीत कोण बघणार, ते त्याला सांगता येईना."

मी पावती फाडून दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि मुलासोबत निघाला. दारात थांबून मागे वळला.

"सदा, बायकोला कळव, जाड स्वेटर आण म्हणावं. इथली जानेवारीतली थंडी बोचते."